शेवळं आली नाहीत, की आणणारीला वाट राहिली नाही?

पेजपाणी | 8 जून, रात्री 9:40

दोन दिवस आईकडे राहून आले. माहेर कर्जत तालुक्यातलं. आमच्याकडे शेवळं (पहिल्या पावसात जमिनीतल्या कंदातून वर येणारे कोवळे फुलोरे, त्यांची भाजी करतात) बाजारातून कधी आणली नाहीत, ती घरी यायची. मृगाच्या आगेमागे एखादा पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत पलीकडच्या कातकरवाडीतली एक बाय मागच्या दारी पाटी उतरवायची. वेलाच्या सालीने बांधलेल्या जुड्या आणि वर मूठभर काकडं (रानातली आंबट फळं, त्यांनी शेवळांची खाज मरते). काकडांशिवाय तिने शेवळं कधी दिली नाहीत. "घसा खाजला तं माझ्या नावानं बोंब माराल," म्हणायची. आई पैसे द्यायची, वर शेरभर तांदूळ, मग पडवीत दोघींचा चहा.

यंदा ती आली ती रिकाम्या हाताने. कुणाच्या बांधकामावर सुनेला काम मिळेल का विचारायला.

वाडीच्या मागचं टेपाड हे तिचं शेवळांचं ठिकाण. ते सरकारी जंगल नाही. आमच्याच गावातल्या एका घराची वरकस (भात न होणारी, उताराची) जमीन होती. वर नाचणी-वरी, ती बंद पडल्यावर नुसतं गवत. तीन वर्षांपूर्वी विकली गेली. आता सिमेंटचे खांब, काटेरी तार, आतून हिरवी जाळी आणि गेटवर "कुत्र्यापासून सावध" अशी पाटी. त्याला लागून असलेलं टेपाड गेल्या वर्षी गेलं. दोन्हींच्या मधून पायवाट होती, ती कुणाच्या कुंपणात गेली हेही कळत नाही.

"रान हाय तिथंच हाय. जायाला वाट नाय," इतकंच म्हणाली.

आधी उजाडता निघून नवाच्या आत ती वाडीत परत असायची. आता धरणाच्या अंगाने वळसा घालून फॉरेस्टच्या हद्दीतलं रान गाठायचं, तर दिवस जातो. दिवस गेला की मजुरी गेली. आणि शेवळं हे आपले चोचले. तिच्या चुलीवर पावसाळाभर काय असतं विचारलं तर हसली. "शेवळं इकायची. खायाला टाकळा, कुर्डू, लोत." (लोत म्हणजे शेवळाचीच कोवळी पानं, फुलोऱ्यानंतर येतात.)

रानभाज्यांच्या पाककृतींचे धागे इथे ढिगाने आहेत. मला पाककृती नकोय. तुमच्या भागात या भाज्यांपर्यंत पोचायला कोण जाऊ देतं, कोण अडवतं, तेवढं लिहा.

सोडेवाली | 8 जून, रात्री 10:05

अगदी मनातला धागा! ठाण्याला स्टेशनबाहेर आज वाटा 100 रुपये सांगितला, तोही सुकलेला. आमच्याकडे सोडे घालून शेवळाची कणी करतात. काकडं नाहीच मिळाली तर चिंचेवर भागतं का?

पेजपाणी | 8 जून, रात्री 10:11

भागतं. चिंच सढळ हाताने घाला आणि दांड्याखालचा पिवळा दाणेदार भाग नीट काढून टाका. आता धाग्यावर येऊ या का? :)

मी_मुरबाडकर | 9 जून, सकाळी 7:30

पेजपाणी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. "रानभाजी" या शब्दानेच घोळ केलाय. लोकांना वाटतं ती घनदाट जंगलात असते. टाकळा रस्त्याच्या कडेला आणि उकिरड्यावर. कुर्डू शेतात. कवळा माळावर, फोडशी डोंगरउतारावर. शेवळं झाडोऱ्याच्या कडेने, कुपाटीच्या आडोशाला, जिथे पालापाचोळा कुजतो तिथे. चाईचा वेल कुंपणावरच चढतो, त्याचा मोहोर लोक तिथूनच खुडतात. भारंगी आणि वास्ते (बांबूचे कोंब) सोडले तर आमच्याकडची निम्मी भाजी कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर उगवते.

आणि पूर्वी याला कुणाची हरकत नसे. भात, नाचणी, गवत मालकाचं. आपोआप उगवलेलं ते काढील त्याचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं म्हणूनच जमीन विकली तेव्हा खरेदीखतात आलं नाही. गावातल्या मालकाला ठाऊक होतं की कोण कधी येतं आणि काय नेतं. ठाण्या-मुंबईच्या मालकाला पाटी घेतलेली बाई दिसली की चोर वाटते.

कलम_पोटकलम | 9 जून, दुपारी 1:15

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण इथे कुणीतरी "वनहक्क कायदा आहे ना" म्हणणारच.

आहे. 2006 चा. त्यात गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिलाय, नुसता परवाना नव्हे तर मालकी. व्याख्येत बांबू, मध, तेंदूपानं यांच्यासोबत औषधी वनस्पती, मुळं आणि कंदही स्पष्ट लिहिलेत. गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा सामूहिक हक्कही त्यातच आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानसुद्धा या कायद्याच्या "वनजमीन" व्याख्येत येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पण सगळं "वनजमिनी"पुरतं. पेजपाणींचं टेपाड मालकीचं आहे. तिथे हा कायदा पोचत नाही.

रस्त्याचं म्हणाल तर महसूल कायद्याच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो, पण ती आपल्या शेतात जायला. म्हणजे वाट मागायलाही शेत हवं. कातकरी बाईकडे शेत असतं तर ती शेवळं काढायला एवढी वणवण करती का?

एक करून बघा. गाव नकाशा मिळवा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवतात. तुमची पायवाट त्यात असेल तर ती कुणाच्या कुंपणात जाऊ शकत नाही.

तळ्याकाठी | 9 जून, रात्री 8:50

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. मे-जूनमध्ये पहाटेच्या लोकलने किती शेवळं शहरात येतात ते मी रोज बघतो. पोतीच्या पोती. शेवळ म्हणजे त्या झाडाचा फुलोरा. तोच खुडला तर बी कधी धरणार? कुंपण घातल्यामुळे एखादं टेपाड वाचत असेल तर निसर्गाच्या दृष्टीने वाईट का? उगाच सगळ्याला हक्काचं लेबल लावू नये.

मी_मुरबाडकर | 9 जून, रात्री 9:25

@तळ्याकाठी, प्रश्न रास्त आहे, उत्तर अर्धवट. शेवळाचा कंद जमिनीत राहतो, तो पुढच्या वर्षी पुन्हा फुटतो. जाणती बाई कंदाला हात लावत नाही आणि एका जागेवरचं सगळं खुडत नाही, कारण पुढच्या वर्षी तिलाच तिथे यायचं असतं. पोती भरणारे वेगळे, टेम्पो घेऊन येतात. त्यांना पुढच्या वर्षी दुसरं रान आहे.

कुंपणाने टेपाड वाचतं म्हणता, तर कुंपण घातल्यावर आत काय होतं तेही बघा. पहिल्याच महिन्यात जेसीबी लागतो. उतार कापून सपाटी, वर लाल माती, लॉन. मग कंद कुठून राहणार?

वाडीवरचा | 10 जून, सकाळी 11:40

बरेच दिवस वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय. मी कातकरी. वाडी रायगडातलीच, कुठली ते राहू दे. वाडीतला पहिला ग्रॅज्युएट.

आधी एक सांगतो. महाराष्ट्रात तीन जमाती "विशेष असुरक्षित" म्हणून धरतात, कोलाम, माडिया गोंड आणि आम्ही. पहिल्या दोघांमागे थोडंबहुत तरी जंगल आहे. आम्ही दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातो आणि पाऊस तोंडावर आला की वाडीवर परत येतो. भट्टीची उचल फिटलेली असते किंवा नसते. हातात पैसे नसतात आणि भाताची लावणी सुरू व्हायला अजून अवकाश असतो. ते पंधरा-वीस दिवस घरात काय शिजतं? तर हे, ज्याला तुम्ही रानभाजी म्हणता. आम्ही नुसतं भाजी म्हणतो.

माझी आजी कडूकांदा (रानातला एक कडू कंद) करायची. त्याच्या पातळ चकत्या, राख घालून उकळायच्या, मग टोपलीत भरून वर दगड ठेवून टोपली रात्रभर वाहत्या ओढ्यात. सकाळी चाखायच्या. कडू लागल्या तर पुन्हा ओढ्यात. हे कुणी हौसेने करत नाही. तांदूळ नसला की करतात. म्हणून "आदिवासींचा समृद्ध आहार" वगैरे वाचलं की मला कसंतरी होतं. समृद्ध होता तो आजीचा हात, आहार नव्हता. शाळेत डब्यात टाकळ्याची भाजी असली की मी झाकण अर्धंच उघडून जेवायचो.

तीच आजी दोन वर्षांपूर्वी एका रानभाजी महोत्सवात बसवली होती. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास असतात ते. टेबलावर तीस-पस्तीस भाज्या, प्रत्येकीपुढे नावाची चिठ्ठी. चिठ्ठ्यांवरची चार नावं चुकलेली. आजीला वाचता येत नाही, पण भाजी आणि चिठ्ठी मी जुळवून सांगितल्यावर ती म्हणाली, "राहू दे, कुठं त्यांना काढायला जायाचंय." शाल मिळाली. त्या भाज्या आणायला तिला आणि आत्याला तीन दिवस लागले, कारण जवळच्या जागा बंद झाल्यात. त्या तीन दिवसांचं कुणी विचारलं नाही.

आणि कुंपणाचं काय घेऊन बसलात, आमच्या वाडीखालची जमीनही आमच्या नावावर नाही. मालकाने उद्या उठा म्हटलं तर उठायचं. जी माणसं स्वतःच्या ओट्यावर पाहुणी आहेत ती दुसऱ्याच्या टेपाडावर काय हक्क सांगणार?

पेजपाणी, "बाय" प्रेमाने लिहिलंत ते पोचलं.

पेजपाणी | 10 जून, दुपारी 12:20

धन्यवाद, वाडीवरचा. शेवळं इकायची आणि टाकळा खायचा, हे ती हसत म्हणाली होती. मीही हसले होते.

बांधावरून | 10 जून, रात्री 10:30

आमच्याकडे (मराठवाडा) जंगलही नाही आणि फार्महाऊसही नाही. अडवणारं एकच, फवारा.

पाथरी, तांदुळजा, चिवळ, घोळ, कुंजीर हे सगळं शेतातलं तण. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी ओट्यात भाजी घेऊन घरी यायची. खुरपणीची मजुरी आणि वर भाजी, असा तो रोजगार होता. पारधी आणि भिल्ल बायकांना तर बाजारात भाजी घ्यायची सवयच नव्हती. आता सोयाबीनमध्ये तणनाशक आणि बांधावर ग्लायफोसेट. मजुरीही गेली आणि भाजीही. पूर्वी मालकाला न विचारता तोडायची, आता "दादा, या बांधावर मारलंय का?" असं विचारून. मारलंय की नाही ते मालकाला तरी कुठे आठवतं? पान पिवळं पडायला आठवडा लागतो. तोवर ते हिरवंगार दिसतं आणि कुणीतरी खुडून नेलेलं असतं.

शेतकऱ्याला नावं ठेवत नाही, मी स्वतः मारतो. मजूर मिळत नाहीत. पण आईने आमच्या बांधाचा एक कासराभर तुकडा राखून ठेवलाय, तिथे फवारा न्यायचा नाही. वडिलांशी त्यावरून दर पावसाळ्यात भांडण.

महुआ_नव्हे_मोह | 11 जून, सकाळी 9:10

गडचिरोलीतून. तुमच्यापेक्षा आमचं बरं आहे हे लिहायला पहिल्यांदाच संधी मिळतेय, घेतो!

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)चं नाव ऐकलं असेल. 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्काचा कागद हातात आल्यावरही बांबू नेण्याचा पास कोण देणार यावर अडून बसले होते. अखेर 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. म्हणजे कायदा 2006 चा आणि स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतःच्या सहीने विकायला 2011. मोहाचंही तसंच. फुलं झाडाखाली पडतात, कुणीही वेचावीत, पण साठवायची आणि विकायची तर दारूबंदीच्या नियमांची आडकाठी. राज्याने ते निर्बंध उठवले 2021 मध्ये.

भाजीपाल्याला मात्र आमच्याकडे पास कधी लागला नाही. तरोटा (तुमचा टाकळा), वास्ते, कुड्याची फुलं हे कोण मोजत बसणार? अडवणूक होते ती वेगळ्या तऱ्हेने. जुनं मिश्र जंगल तोडून साग लावला की खालची भाजी संपते. सागाच्या पानाखाली काय उगवतं सांगा! फॉरेस्टच्या कागदावर ते जंगलच असतं, हिरवं दिसतं, हक्कही शाबूत असतो. आत जाऊन पाटी भरत नाही.

ज्या गावांची ग्रामसभा जागी आहे तिथे कुठल्या पट्ट्यातले वास्ते काढायचे आणि कुठले यंदा सोडायचे ते गाव बसून ठरवतं. @तळ्याकाठी, तुमच्या पोत्यांवर हाच तोडगा आहे. ज्याला उद्या यायचंय त्याच्या हातात दिलं की तो आज ओरबाडत नाही. पण त्यासाठी आधी गावाकडे जंगल पाहिजे आणि रायगडच्या वाडीकडे ते नाही, हे वाडीवरचा यांचं वाचून लक्षात आलं.

तळ्याकाठी | 11 जून, सकाळी 9:55

सागाचा मुद्दा पटला. पोत्यांचं अजून पटलेलं नाही, पण कुंपणाने वाचतं हे वाक्य मागे घेतो.

चौदा_गुंठे | 12 जून, रात्री 11:20

हा धागा चार दिवस टाळत होतो. आयडीवरून कळलं असेलच. कर्जतजवळ माझी छोटी जागा आहे. हो, कुंपण आहे. हो, "कुत्र्यापासून सावध" अशी पाटीही आहे. कुत्रा नाही.

तुम्हा सगळ्यांना कुंपण म्हणजे दुष्टपणा वाटतो म्हणून लिहितो. पहिल्या वर्षी लावलेली चाळीस आंब्याची कलमं गुरांनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात वणवा आला, पाइपलाइन जळली. बोअरची मोटर चोरीला गेली. उद्या माझ्या जागेत कुणाला साप चावला तर पोलीस माझ्याकडेच येणार. आयुष्याची पुंजी घालून घेतलेली जमीन आहे, उघडी कशी टाकू?

पण शेवळं तिथे उगवतात हे खरंच माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नाही.

मी_मुरबाडकर | 13 जून, सकाळी 7:05

@चौदा_गुंठे, कोण सांगणार? तुम्ही गेटवर नसलेला कुत्रा बांधलाय.

चिमटा झाला, सोडून द्या. एक विचारतो, तुमचा राखणदार कुठला?

चौदा_गुंठे | 13 जून, सकाळी 8:15

खालच्या वाडीतलाच. नवरा-बायको राहतात.

मी_मुरबाडकर | 13 जून, सकाळी 8:20

मग त्यांनाच विचारा, शेवळं कुठे येतात.

सोडेवाली | 13 जून, दुपारी 4:00

मधेच घुसते. काकडं मिळाली! मंडईत एका आजींकडे. सोबत फोडशीही घेतली. त्यांना विचारलं कुठून आणता, तर म्हणाल्या "लांबून". आधी कधी विचारलं नव्हतं. घासाघीस केली नाही यावेळी, एवढं आपलं.

चौदा_गुंठे | 16 जून, रात्री 10:45

शनिवारी जाऊन आलो.

राखणदाराच्या बायकोला विचारलं. आधी नाहीच म्हणाली. मग मी पाटीवरचा कुत्रा कुठाय असं विचारून हसलो, तेव्हा तीही हसली आणि मागच्या बाजूला घेऊन गेली. ऐनाच्या झाडाखाली, पालापाचोळ्यात, सात-आठ जांभळट दांडे वर आलेले. मी तीन वर्षं तिथे खुर्ची टाकून चहा पितो. तिने पटापट चार खुडले, बाकीचे ठेवले. "ही ऱ्हाऊ द्या," म्हणाली. कशाला ते विचारलं नाही.

मग आणखी एक सांगितलं. खाली जिथे मी स्विमिंग टँकसाठी सपाटी केली तिथे खरी जागा होती. "तिथं पाटी भरायची." जेसीबी चालला तेव्हा ती तिथेच उभी होती, मला चहा आणून दिला होता. काही बोलली नाही.

वाडीतल्या इतर बायकांना मागच्या गेटने येऊ दे असं तिला सांगितलं. त्यावर तिचा चेहरा जरा उतरला. नंतर नवऱ्याने सांगितलं, इतक्या दिवस ती एकटीच काढत होती, आता वाटण्या होणार. म्हणजे मी भलं करायला गेलो आणि कुणाच्या तरी पोटावर पाय दिला की काय कळेना.

वाडीवरचा | 16 जून, रात्री 11:30

नाही हो. ते भांडण आमचं आहे, आम्ही मिटवू. सात-आठ दांड्यांसाठी वाडी काही फुटत नाही.

गेट उघडताय तर एक करा, कुलपाची किल्ली राखणदाराकडेच राहू दे आणि तुमच्या मागे जो ही जागा विकत घेईल त्याला हे सांगा. तोंडी नको. खरेदीखतात एक ओळ घालता येते का ते @कलम_पोटकलम सांगतील.

कलम_पोटकलम | 17 जून, सकाळी 10:00

येते. जाण्यायेण्याचा आणि आपोआप उगवलेली भाजी काढून नेण्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने देता येतो. आजवर माझ्याकडे कुणी असा दस्त करायला आलेलं नाही. मसुदा फुकट करून देईन.

पेजपाणी | 24 जून, रात्री 9:15

गाव नकाशाची प्रत मिळाली. दोन खेपा आणि एक "साहेब मीटिंगला गेलेत" एवढ्यात.

पायवाट आहे. एक तुटक रेषा, ओढ्याकडून निघून दोन्ही टेपाडांच्या मधून वर जाते. भिंग लावून पाहिली. कातकरवाडी मात्र नकाशात कुठेच नाही. रेषा जिथून सुरू होते तिथे नुसती कोरी जागा.

रविवारी नकाशा घेऊन आई आणि मी शेवळंवाल्या बायकडे जातोय. अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा की तहसीलदाराकडे?

कलम_पोटकलम | 24 जून, रात्री 9:40

दोन्हीकडे. पोच घ्या. अर्जावर पहिली सही तुमची नको, वाडीतल्या बायकांची असू दे. अंगठे चालतात.

सोडेवाली | 24 जून, रात्री 10:02

रविवारी मी येऊ का? सही करणार नाही, नुसती येते. कर्जतला कितीच्या लोकलने उतरायचं?